खडे जागेवरच होते: बाहरीनच्या काळोखातलं एक विमान आणि निरोगी कानाची साक्ष

कानातले खडे, म्हणजे तोल सांभाळणारे आतल्या कानातले बारीक कण, सरकलेत, हे वाक्य मी दिवसातून चार-पाच वेळा तरी बोलते. मडगावला कान-नाक-घशाच्या दवाखान्यात बॅलन्सच्या टेस्ट करायचं माझं काम, चक्कर येणारे पेशंट माझ्याकडे येतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना गोळ्यांपेक्षा डोकं एका ठराविक पद्धतीने फिरवून ते खडे परत जागेवर बसवण्याची गरज असते. आज लिहितेय ते मात्र अशा माणसाबद्दल ज्याच्या कानातले खडे जागेवरच होते, तपासणी पास झालेला, लायसन्सवाला कॅप्टन, आणि तरीही त्या चांगल्या कानानेच त्याला समुद्रात नेलं, बरोबरच्या १४२ जणांसकट.

आधी एक आजोबा सांगते, कारण ते डोळ्यासमोर असले की पुढचं कळायला सोपं जाईल. पेडण्याकडचे, साधारण सत्तरीचे. टेबलावर आडवं करून मी त्यांचं डोकं उजवीकडे वळवलं तसे त्यांनी दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली, इतकी घट्ट की बोटांची पेरं पांढरी पडली. "टेबल फिरतंय गो बाय, टेबल फिरतंय." ते टेबल जमिनीत बोल्ट मारून बसवलेलं आहे. मी त्यांचा एक हात सोडवून खाली बोल्टला लावून दाखवला, त्यांना पटलं, "होय, पक्कं आहे" असं स्वतःच्या तोंडाने म्हणाले, आणि लगेच तो हात परत कडेला गेला. माहिती एकीकडे आणि हात दुसरीकडे. हे रोज बघते म्हणून मला ती बाहरीनची केस वाचताना त्या कॅप्टनचा राग येईना, जो बऱ्याच लोकांना येतो.

केस अशी. तारीख २३ ऑगस्ट २०००, बुधवार. गल्फ एअरचं फ्लाईट ०७२, एअरबस ए३२०, कैरोहून बाहरीनला निघालेलं, १३५ प्रवासी आणि ८ क्रू. कॅप्टन ३७ वर्षांचे, त्याच उन्हाळ्यात कॅप्टन झालेले. फर्स्ट ऑफिसर फक्त २५ वर्षांचा, लाईनवर नवीन. विमानात काही बिघाड नव्हता, हवा चांगली होती, दृश्यमानता चांगली होती, इंधन होतं, फक्त संध्याकाळचे साडेसात वाजले होते आणि आखातात तोपर्यंत पूर्ण काळोख पडलेला असतो. आमच्या वास्कोत तेव्हा निम्म्या घरांतलं कोणी ना कोणी आखातात नोकरीला, त्यामुळे बातमी आली तेव्हा एसटीडी बूथवर रांगा लागल्याचं मला आठवतं, मी तेव्हा कॉलेजला होते. पण तेव्हा एवढंच कळलं की विमान समुद्रात पडलं. का पडलं ते खूप नंतर, चौकशीचा रिपोर्ट वाचला तेव्हा कळलं, आणि तो वाचायला लावला शेजारच्या भाईंनी. भाई नेव्हीतून रिटायर झालेले, दाबोळीला नेव्हीच्या हंसा तळावर विमानांच्या मेंटेनन्समध्ये आयुष्य गेलं, मूळ वेंगुर्ल्याचे. मला म्हणाले, "तुझ्या कानाचीच केस आहे ही, वाच."

तर ते विमान रनवे १२ वर उतरायला येत होतं, आणि ते वर होतं आणि जोरात होतं. धावपट्टीपासून साधारण एक नॉटिकल मैलावर, म्हणजे दोनेक किलोमीटरवर, उंची सहाशे फुटांच्या जरा खाली आणि वेग १८५ नॉटच्या आसपास, ताशी ३४० किलोमीटर धरा. त्या विमानाचा उतरायचा वेग १३५-१४० नॉट. आता नजरेने उतरताना ५०० फुटांपर्यंत सगळं जागेवर बसलेलं असलं पाहिजे हा नियम आहे, वेग, उतरण्याचा दर, फ्लॅप म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या बाहेर काढायच्या झडपा, चाकं, सगळं, आणि नसेल तर काही विचार करायचा नाही, सरळ गो-अराउंड मारायचा, म्हणजे इंजिनला पूर्ण जोर द्यायचा, नाक ठरलेल्या कोनात वर, ठरलेल्या वाटेने वर जायचं आणि पुन्हा सुरुवातीपासून यायचं. वीस मिनिटं जातात. त्यापलीकडे काही जात नाही.

कॅप्टनच्या लक्षात आलं होतं की असं उतरता येणार नाही. इथपर्यंत ठीक. पण त्यांनी गो-अराउंड न घेता टॉवरकडे डावीकडे एक पूर्ण चक्कर मारायची परवानगी मागितली, ज्याला ते लोक ऑर्बिट म्हणतात, आणि ती मिळाली. ऑटोपायलट आधीच काढलेला होता. काळोखात, जमिनीपासून काहीशे फुटांवर, चाकं खाली, फ्लॅप खाली, हाताने चालवत घट्ट डावं वळण. भाई इथे येऊन बोट ठेवतात. त्यांचं म्हणणं असं की अपघात इथेच तयार झाला, पुढचं फक्त व्हायचं बाकी होतं, आणि मला ते पटतं. त्या वळणात विमानाची उंची एकसारखी राहिली नाही, साधारण साडेतीनशे फुटांपर्यंत खाली आणि साडेनऊशेपर्यंत वर अशी ती हलत राहिली आणि विमान ३० अंशांपेक्षा जास्त कलंडलं. कॅप्टन डावीकडच्या सीटवर बसतात, वळण डावीकडे, म्हणजे ते धावपट्टीचे दिवे शोधत खिडकीतून बाहेर बघत असणार, मग आत, मग परत बाहेर. पाऊण चक्कर झाली तेव्हा लक्षात आलं की धावपट्टीची रेघ ओलांडून गेलोय. आणि मग आता गो-अराउंड.

हे सगळं झाल्यावर तो गो-अराउंड आला, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण आधी घेतला असता तोच गो-अराउंड सरळ रेषेत, स्थिर डोक्याने झाला असता.

आता कानाचं बघू. कानाच्या आत, ऐकायच्या भागाला लागूनच, तीन अर्धवट गोल नळ्या असतात, त्यात पाणी, आणि त्या आपण वळतोय का ते सांगतात. त्यांची खोड अशी की वळण चालू झालं की सांगतात, वळण थांबलं की सांगतात, पण वळण एकसारखं चालू राहिलं तर पंधरा-वीस सेकंदांत गप्प होतात. आतलं पाणी नळीच्या बरोबरीने फिरायला लागतं, मग फरक काय उरला. माझ्या भाच्याला स्टडी टेबलच्या चाकाच्या खुर्चीवर बसवून, डोळ्यांवर ओढणी बांधून मी हळू आणि एकसारखं फिरवलं, त्याला सांगितलं की ज्या बाजूला फिरतोयस तिकडे अंगठा दाखव. पहिल्यांदा अंगठा डावीकडे, बरोबर. थोड्या वेळाने अंगठा सरळ वर, म्हणे थांबवलीस का, आणि मी फिरवतच होते. मग मी खरंच खुर्ची धरून थांबवली तर त्याचा अंगठा झटकन उजवीकडे, "मावशी, उलटं का फिरवतेस?" त्याच्या कानात काही दोष नाही. बारा वर्षांचा ठणठणीत मुलगा आहे. घरी करून बघा, फक्त बाजूला माणूस उभा ठेवा, उतरताना पडायला होतं.

दुसरा भाग म्हणजे ते खडे. एका जेलीसारख्या थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक बारीक कण, चुन्याचेच म्हणा. डोकं मागे झुकवलं की ते वजनाने मागे सरकतात आणि मेंदूला कळतं की मान मागे गेली. पण डोकं सरळ ठेवून आपण जोरात पुढे गेलो तरीही ते कण मागेच राहतात, आणि कानाच्या दृष्टीने ह्या दोन गोष्टी एकच. वास्को स्टँडवरून कदंबा सुटते तेव्हा ड्रायव्हर गिअर टाकून दाबतो ना, त्या वेळी उभे असलेले सगळे मागे जातात, तिथे डोळे मिटून बघा, बस चढावर चढतेय असं वाटतं. डोळे उघडले की समोर स्टँड, माणसं, चणेवाला, सगळं सपाट, आणि मेंदू लगेच हिशोब दुरुस्त करतो. डोळा कानाला गप्प करतो. जमिनीवर हे इतकं सतत आणि इतक्या गुपचूप चालू असतं की आपल्याला त्याचा पत्ता नसतो.

आता डोळे उघडे आहेत पण बघायला काही नाही, असं धरा. बाहरीनचं विमानतळ मुहर्रक बेटावर आहे, चहूबाजूंनी पाणी. विमान दिव्यांपासून लांब, समुद्राकडे तोंड करून निघालं की पुढे काळं पाणी आणि काळं आकाश, मधली रेघ नाही. ह्याची कल्पना करायला कुठे जायला नको, बोगमाळोच्या किनाऱ्यावर अमावास्येच्या आसपास रात्री जाऊन बसा. ३१ जुलैला मासेमारीची बंदी संपते, त्यानंतर ट्रॉलर बाहेर पडतात आणि लांबवर त्यांचे दिवे लागतात, आणि पाऊस उघडलेल्या रात्री वर तारे असतात, मी आणि भाई एकदा पैज लावून बसलो होतो की सगळ्यात खालचा तारा कुठला आणि सगळ्यात वरचा ट्रॉलर कुठला. मी तारा म्हणून ज्याच्यावर बोट ठेवलं होतं तो अर्ध्या तासाने किनाऱ्याकडे सरकायला लागला. आम्ही वाळूवर बसलो होतो म्हणून हसायला वेळ होता. हवेत असलेल्या माणसाने त्या खोट्या रेघेला क्षितिज मानलं तर विमान तिरपं करून तो स्वतःला सरळ समजेल.

परत कॉकपिटमध्ये. इंजिनं पूर्ण जोरात गेली. लांबचा प्रवास संपत आलेला, इंधन जळून विमान हलकं झालेलं, त्यामुळे ते तीरासारखं सुटतं. ह्या वेळी नाक साधारण १५ अंश वर पाहिजे, म्हणजे तो जोर चढण्यात खर्च होतो. ह्या विमानाचं नाक पाचेक अंशच वर होतं. म्हणजे जोर सगळा पुढे धावण्यात गेला, आणि कानातले कण मागे. हिशोब सोपा आहे, वेग वाढण्याचा दर गुरुत्वाच्या एक पंचमांश झाला तर कानाला आपण सुमारे ११ अंश मागे कललोय असं वाटतं, आणि खरोखरचं नाक जेवढं वर आहे ते त्यात मिळवा. म्हणजे बसलेल्या माणसाला वाटणार की विमान चाललंय सरळ आकाशात, आता थांबेल, आता शेपटीवर पडेल. ह्या भासाला सोमॅटोग्रॅविक इल्युजन म्हणतात, नाव अवघड आहे पण वर सांगितलेली कदंबा आणि हे, दोन्ही एकच.

त्याच वेळी कॉकपिटमध्ये वॉर्निंग वाजली, फ्लॅप बाहेर असताना वेग मर्यादेपेक्षा जास्त झाला म्हणून. दोघांचं लक्ष फ्लॅपकडे. उंची हजार फुटांच्या आसपास. आणि कॅप्टनचा हात साईडस्टिक, म्हणजे विमान चालवायचा बाजूचा छोटा दांडा, पुढे ढकलायला लागला, आणि ती सुमारे ११ सेकंद पुढेच धरून ठेवली.

अकरा सेकंद मोजून बघा, घड्याळ लावून. मी मोजली, खूप लांब वाटतात. विमानाचं नाक वरून खाली आलं, १५ अंश खाली गेलं. आणि ह्यात आणखी एक वाईट गोष्ट आहे, नाक खाली गेलं की वेग अजून वाढतो, वेग वाढला की कान अजून ओरडतो की नाक वर आहे, मग हात अजून ढकलतो. त्या भासाचं पोट त्याच्या परिणामानेच भरत जातं. जमीन जवळ येतेय सांगणारी यंत्रणा बोलायला लागली, आधी उतरण्याचा वेग जास्त आहे म्हणून आणि मग "पुल अप, पुल अप", आणि ती शेवटपर्यंत बोलत राहिली. ती बोलत असतानाच कॅप्टनने फ्लॅप आत घ्यायला सांगितले. स्टिक मागे आली, पण पूर्ण नाही आणि वेळेत नाही. विमान सुमारे २८० नॉटने, ताशी पाचशे किलोमीटरच्या वर, उथळ समुद्रात शिरलं. कोणी वाचलं नाही.

लोक विचारतात, आणि मीही भाईंना विचारलं, की समोर स्क्रीनवर निळं आणि तपकिरी क्षितिज असतं, एवढं मोठं, नाक खाली गेलं की तपकिरी भरून येतं, ते दिसलं नाही का? भाई म्हणाले, "दिसणं आणि बघणं वेगळं." माझं उत्तर ते आजोबा. बोल्टला हात लावला होता त्यांनी. तरी हात कडेला गेला, आणि त्यांना दुसरं कसलंच काम नव्हतं, मी शांतपणे बोलत होते, खाली जमीन होती. इथे वॉर्निंग वाजतेय, टॉवर रेडिओवर दिशा आणि उंची सांगतंय, दोनदा उतरणं फसल्याची खंत मनात असणार, आणि नजर फ्लॅपच्या वेगावर. अशा वेळी मेंदू ज्याला कष्ट पडत नाहीत त्याचं ऐकतो, आणि कानाचं ऐकायला कष्ट पडत नाहीत. उपकरण वाचावं लागतं. म्हणून पायलटना नुसतं "उपकरणावर विश्वास ठेवा" असं सांगून भागत नाही, गो-अराउंड म्हटलं की नजर आधी त्या निळ्या-तपकिरीवर आणि नाक ठरलेल्या अंशावर, ही सवय हातात आणि डोळ्यात उतरेपर्यंत सिम्युलेटरमध्ये घोटून घ्यावी लागते. आणि पुल अप ऐकलं की चर्चा नाही, शंका नाही, स्टिक पूर्ण मागे. चौकशीत निघालं की ट्रेनिंगमध्येच कमी होती, कॉकपिटमधल्या दोघांनी मिळून कसं काम करायचं त्याचंही.

त्या पंचवीस वर्षांच्या मुलाबद्दल मला सगळ्यात जास्त वाटतं. रिपोर्टमध्ये त्याच्याबद्दल ओळखीच्यांनी सांगितलेलं आहे, स्वभावाने भिडस्त, अबोल. अप्रोच उंच आणि जोरात चाललाय हे त्याच्यासमोरच्या आकड्यांवर होतं. ऑर्बिट नियमात बसत नाही हे त्याला माहीत असायला हवं होतं. तो आक्षेप घेत नाही, विमान हातात घेत नाही. ह्या एअरबसमध्ये आणखी एक गोष्ट आहे, दोन्ही साईडस्टिक एकमेकींना जोडलेल्या नसतात, जुन्या विमानांसारखं एकाने ढकललं की दुसऱ्याच्या पुढचा दांडा आपोआप हलत नाही, त्यामुळे कॅप्टनचा हात काय करतोय ते त्याच्या हाताला कळायची सोय नव्हती. उरलं काय, स्क्रीन आणि तोंड. आणि तोंड उघडायचं म्हणजे आपल्याकडे काय असतं ते आपल्याला ठाऊक आहे. मोठ्या माणसाला, साहेबाला, तेही तो गडबडीत असताना, "तुम्ही चुकताय" म्हणायचं. आमच्या दवाखान्यात नवीन आलेली मुलगी सिनियर डॉक्टरांना उजव्या कानाऐवजी डाव्या कानाचा रिपोर्ट उघडलाय हे सांगायला दहा मिनिटं दाराशी उभी होती. दहा मिनिटं! मी तिला ओरडले नाही, पण त्यानंतर आम्ही ठरवलं की नाव आणि बाजू मोठ्याने वाचायची, दोघांनी, रोज, चूक असो नसो. वाचायचीच असते म्हटलं की टोकायला धीर लागत नाही. विमानातही तेच करतात, वेग, उंची, कल मर्यादेबाहेर गेला की दुसऱ्याने ठरलेला शब्द मोठ्याने म्हणायचा, त्यात अपमान कोणाचाच नसतो.

"पायलटची चूक" असं म्हणून फाईल बंद करणाऱ्यांशी माझं भांडण आहे. चूक होतीच, नियम मोडले, एकापेक्षा जास्त मोडले. पण शेवटच्या अकरा सेकंदांत त्या माणसाच्या शरीराने जे केलं ते तुमच्या-माझ्या शरीराने त्या खुर्चीत केलं असतं, आणि हे मान्य केलं नाही तर आपण त्या कॅप्टनला वाईट पायलट ठरवतो आणि पुढचा चांगला पायलट म्हणतो मला असं होणार नाही. झालं की. मे २००६ मध्ये सोचीला काळ्या समुद्रावर, रात्री, आर्माव्हियाचं ए३२०, टॉवरने उतरू नका सांगितल्यावर वर जाता जाता समुद्रात, ११३ गेले. मे २०१० मध्ये त्रिपोलीला पहाटे, गो-अराउंडमध्ये नाक खाली, १०४ पैकी एक लहान मुलगा तेवढा वाचला. नोव्हेंबर २०१३ मध्ये कझानला, रात्री, ५०. मार्च २०१६ मध्ये रोस्तोव्हला, रात्री, ६२. देश वेगळे, कंपन्या वेगळ्या, विमानं दोन बनावटीची, आणि गोष्ट बहुतेक तीच. फ्रान्सच्या चौकशी संस्थेने २०१३ मध्ये फक्त ह्याच विषयावर मोठा अभ्यास काढला, गो-अराउंडमध्ये विमानाच्या स्थितीचं भान कसं सुटतं ह्यावर, आणि त्यात एक गोष्ट स्पष्ट आहे की हलक्या विमानाला पूर्ण जोर दिला की सगळं इतकं पटापट होतं की दोन माणसांना ते पुरं पडत नाही.

रात्रीच्या उतरण्यात डोळ्याचा भासही असतो, तो ह्या केसमध्ये नाही पण लोक दोन्ही मिसळतात म्हणून सांगते. धावपट्टीच्या अलीकडे नुसता काळोख, पाणी किंवा रान, आणि पलीकडे दिवे, असं असलं की पायलटला आपण आहोत त्यापेक्षा उंचावर आहोत असं वाटतं आणि तो नकळत खाली खाली येतो, त्याला ब्लॅक होल म्हणतात. बोईंगच्या कॉनराड क्राफ्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने साठच्या दशकात सिम्युलेटरवर हे दाखवलं होतं, आणि फसलेले बहुतेक अनुभवी पायलट होते. धावपट्टीच्या बाजूला चार दिवे असतात ते ह्यासाठीच, दोन पांढरे दोन लाल म्हणजे बरोबर, चारही लाल म्हणजे फार खाली. तिथे नजर फसते, इथे कान फसला.

आणि मुंबईचं विसरून चालणार नाही. १ जानेवारी १९७८, एअर इंडियाचं 'सम्राट अशोक', बोईंग ७४७, रात्री सांताक्रूझहून दुबईला उडालं आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोर समुद्रात पडलं, २१३ माणसं. ते उतरताना झालं नव्हतं, उडताना झालं होतं, पण माझ्या वरच्या सगळ्या बोलण्याला ते आडवं येतं, म्हणून सांगायलाच हवं. तिथे कॅप्टनसमोरचं क्षितिज दाखवणारं उपकरणच बिघडलं होतं. ते विमान उजवीकडे कललंय असं दाखवत राहिलं आणि ते दुरुस्त करायला विमान डावीकडे कलवत नेलं गेलं. पुढे समुद्र, काळोख, क्षितिज नाही. म्हणजे उपकरणावर विश्वास ठेवा हेही पुरतं नाही, एका उपकरणावर नाही. शेजाऱ्याचं वेगळं असतं, मधलं जादाचं वेगळं असतं, तिन्ही बघून दोन ज्या बाजूला तिकडे जायचं. फ्लाईट इंजिनिअरने दुसऱ्या उपकरणाकडे लक्ष वेधायचा प्रयत्न केला होता, पण उशीर झाला होता. मी पहिल्यांदा दोन्ही केस शेजारी ठेवून वाचल्या तेव्हा दोन दिवस डोक्यातून गेल्या नाहीत. एकीकडे उपकरण बरोबर आणि शरीर खोटं, दुसरीकडे उपकरणच खोटं, आणि दोन्हीकडे बाजूला बसलेल्या माणसाचा आवाज ही शेवटची वाट होती.

मी चिखलीला राहते, दाबोळीच्या अगदी जवळ, आणि विमानतळाची धावपट्टी पश्चिमेकडे संपली की थोड्याच अंतरावर समुद्र लागतो. पूर्वेकडून येऊन उतरणाऱ्या विमानाने गो-अराउंड घेतला तर ते त्या काळोखाकडेच जातं, बाहरीनला गेलं तसं. गेल्या वर्षी जुलैमध्ये, रात्री नवाच्या सुमाराला, पाऊस जरा थांबला होता म्हणून गच्चीवर आम्ही चार-पाच जण होतो. एक विमान खाली आलं, दिवे दिसले, चाकांचाही आवाज येईल असं वाटलं, आणि एकदम इंजिनांचा मोठा आवाज, आणि ते वर. वहिनींनी तोंडावर हात नेला, "अगो, उतरलंच नाही." खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले पायलट नवशिका दिसतोय. दुसऱ्या दिवशी त्या विमानातून आलेली एक ओळखीची बाई भेटली, तीही चिडलेली, घाबरवून सोडलं म्हणे, तक्रार करणार. मी तिला उभ्याउभ्या बराच वेळ हेच सगळं सांगितलं, बाजारात, मासळीची पिशवी हातात. आता बहुतेक एअरलाइन गो-अराउंडबद्दल पायलटला जाब विचारत नाहीत, ही इतक्या मरणांनंतर मिळालेली गोष्ट आहे, आणि प्रवाशांनीच तक्रारी केल्या तर ती परत जाईल.

पण त्या रात्री गच्चीवर भाई काही बोलले नाहीत. ते कठड्याला हात टेकून पश्चिमेकडे बघत होते, आणि मी त्यांच्याकडे बघत होते. लाल आणि पांढरा दिवा समुद्रावर गेला, वर चढत राहिला, एकसारखा, मग ढगात शिरला. भाईंनी घड्याळ बघितलं. वहिनी चहा घेऊन आल्या, भाईंनी घेतला नाही. पुन्हा पाऊस भुरभुरायला लागला तसे बाकीचे खाली गेले. अठरा मिनिटांनी पूर्वेकडे दिवा दिसला, हळूहळू खाली, ह्या वेळी जरा सावकाश वाटला, आमच्या समोरून गेला आणि मग उलट्या जोराचा तो घरघराट आला जो चाकं टेकल्यावरच येतो. भाई म्हणाले, "टेकलं," आणि थंड झालेला चहा उचलून जिन्याने खाली उतरले.